जमिनीखालची कोळसा खाण : खांब का ठेवतात आणि छत का पाडतात?

खानापूरकर

आपल्या सांगली-साताऱ्यात खाण म्हटलं की खडीची खाण डोळ्यांसमोर येते. सुरुंग, क्रशर, डंपर आणि वर उघडं आभाळ. कोळशाची भूमिगत खाण आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. माझा भाचा मायनिंगचा डिप्लोमा करून नागपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत खाणीत लागला, तेव्हापासून घरात सगळ्यांचा एकच प्रश्न : वरचं छत कोसळलं तर? त्याला भेटायला गेलो तेव्हा रीतसर परवानगी काढून खाली जाता आलं. त्याच्याकडून, त्याच्या ओव्हरमनकडून (खालच्या कामावर देखरेख करणारा) आणि पुस्तकांतून जे समजलं ते इथं मांडतोय. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर चक्रावून टाकणारं आहे : एका टप्प्यावर ते छत मुद्दाम पाडतात.

आधी जमिनीचं सांगतो. आपण विहिरी पाडणारी माणसं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वरची माती-मुरूम बांधून घेतली की खालचा पाषाण पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. कोळसा त्याच्या कितीतरी आधीचा, गोंडवन काळातला, 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्रात तो विदर्भातच सापडतो : चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी, सावनेर या पट्ट्यात. त्याच्या डोक्यावर वालुकाश्म आणि शेल असतात, वहीच्या पानांसारखे एकावर एक. खालचा आधार काढला की पान सुटायला लागतं. त्यामुळं विहीर खणणाऱ्याचा अंदाज तिथं कामाला येत नाही.

थर फार खोल नसेल तर उतरत्या वाटेनं जातात, तिला इन्क्लाइन म्हणतात. खोल असेल तर सरळ उभा शाफ्ट. झारखंड-बंगालकडं त्याला चानक म्हणतात. बाहेर पडायच्या वाटा किमान दोन हव्यात, हा कायदाच आहे. थरात पोचलं की कोळशातूनच समांतर गल्ल्या काढायच्या आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या दुसऱ्या गल्ल्या. मधे चौकोनी खांब उरतात, तेही कोळशाचेच. हीच बोर्ड अँड पिलर पद्धत. आपल्या देशातल्या बहुतेक भूमिगत खाणी अशाच चालतात.

गल्लीच्या पुढच्या टोकाला, कोळशाच्या भिंतीत भोकं पाडायची, खाणीसाठी मंजूर असलेली खास स्फोटकं भरायची, उडवायचं, धूर निघून जाऊ द्यायचा, मग लोडर आत जाऊन कोळसा उचलतो आणि बेल्टवर टाकतो. पण स्फोट झाल्या झाल्या लोडर आत जात नाही. आधी माणूस जातो. मी खाली सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिलो ते हेच. लांब लोखंडी सळई घेऊन तो सुरक्षित छताखाली उभा राहतो आणि पुढचं छत ठोकतो. दुसऱ्या हाताची बोटं दगडाला टेकवलेली. घट्ट असलेलं छत खणखणीत वाजतं. सुटलेला पापुद्रा बद्द आवाज देतो आणि बोटांना थरथर कळते. जे सुटलंय ते तिथंच सळईनं खाली ओढून काढतात, मग छतात भोकं पाडून रूफ बोल्ट मारतात, म्हणजे वरची पानं एकमेकांना शिवली जातात. त्या माणसानं एकाच जागी चार वेळा ठोकून पाहिलं आणि दोघांना मागं सारलं. तिथला दगड काढला तेव्हा तो दोन हातांत मावत नव्हता.

आता खांबांचा हिशोब. 1957 च्या कोल माइन्स रेग्युलेशनमध्ये (2017 मध्ये त्यांच्या जागी नवी आली) खांब केवढा हवा याचा तक्ता दिलेला होता. गल्ली जास्तीत जास्त 4.8 मीटर रुंद. तेवढ्या रुंदीला, खोली 60 मीटरच्या आत असेल तर एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किमान 19.5 मीटर. खोली 360 मीटरच्या पुढं गेली की हेच अंतर 48 मीटर. कागदावर मांडून बघा : उथळ खाणीत या पहिल्या टप्प्यात थराच्या क्षेत्रातला 43 टक्के कोळसा निघतो, खोल खाणीत जेमतेम 19 टक्के. बाकीचा सगळा खांबांत उभा. जितकं खोल जाल तितका वरच्या दगडाचा भार मोठा, तितका खांब जाड, आणि तितकं हाताला कमी लागणार.

म्हणून दुसरा टप्पा येतो, डिपिलरिंग. खाणीच्या हद्दीपर्यंत गल्ल्या काढून झाल्या की मागं वळायचं आणि येता येता तेच खांब काढायचे. खांब काढला की वरचं छत पोकळीत पडू द्यायचं. ते पडलं तरच शेजारच्या खांबांवरचा भार उतरतो.

इथं खाणीत काम केलेलं कुणी असेल तर डिपिलरिंगबद्दल जास्त लिहा. आणि आपल्या देशात लाँगवॉल, म्हणजे खांब न ठेवता यंत्रानं सलग भिंत सोलत जायची पद्धत, का रुजली नाही, हेही मला समजून घ्यायचंय.

कृष्णाकाठ

मी कराडचा. नोकरीची सगळी वर्षं विदर्भातल्या कोळसा खाणींत सर्व्हेअर म्हणून काढली. खानापूरकर, चांगलं मांडलंत. डिपिलरिंगचं मी सांगतो.

अख्खा खांब एकदम काढत नाहीत. आधी त्याला मधून चीर पाडून दोन भाग करतात, मग एकेक भाग पट्ट्या-पट्ट्यांनी खातात. दोन पट्ट्यांच्या मधे कोळशाची पातळ भिंत ठेवतात, तिला रिब म्हणतात. मागं जे रिकामं झालं तो गोफ. गोफच्या कडेला लाकडी ओंडके आडवे-उभे रचून कॉग उभे करतात, शेजारी टेकू. काम तिरप्या रेषेत सरकत जातं, म्हणजे एकाच खांबावर सगळा भार येत नाही.

आता छत पडण्याबद्दल. लहान पडझड सुरुवातीपासून होत असते, तिची भीती नाही. भीती असते ती छत न पडण्याची. वरचा वालुकाश्म जाड आणि कडक असला तर तो पडायलाच तयार होत नाही. पोकळी वाढत जाते, दगड अधांतरी लटकत राहतो आणि सगळा भार पुढच्या खांबांवर येतो. खांबाच्या कडा चरचरायला लागतात, कोळशाचे तुकडे उडतात, लाकडी टेकू कडकडतात. मग एक दिवस तो हजारो चौरस मीटरचा दगड एकदम खाली येतो. आत कोंडलेली हवा गल्ल्यांतून बाहेर फेकली जाते, तिला एअर ब्लास्ट म्हणतात. त्या झोतात माणूस, कोळशाचे टब (डबे), मधल्या भिंती, काहीच टिकत नाही. म्हणून कडक छत असेल तिथं गोफमध्ये लांब भोकं पाडून, सुरुंग लावून छत मुद्दाम पाडायचं. लटकत ठेवायचं नाही. नवीन पोरांना मी एवढंच सांगायचो : पडलेलं छत आपलं, लटकलेलं परकं.

दुसरी गोष्ट आगीची. गोफमध्ये थोडाफार कोळसा राहतोच. तो हवेतला ऑक्सिजन घेत घेत आपोआप तापतो आणि पेटतो. म्हणून खाणीचे तुकडे पाडतात, त्यांना पॅनल म्हणतात. एका पॅनलभोवती कोळशाची जाड भिंत, आत जायला मोजक्या वाटा. कोळसा तापायला जितके महिने लागतात त्याच्या आत ते पॅनल संपवायचं आणि वाटा विटा-सिमेंटनं बंद करायच्या. पॅनल केवढं आखायचं हे छतापेक्षा या मुदतीवर जास्त ठरतं. झारखंडमधल्या झरियाच्या कोळसा पट्ट्यात पहिली आग 1916 मध्ये आढळली, ती अजून धुमसतेय.

माणदेशी

माहिती लई भारी हाय, पण मला एक सांगा. एवढं जिवावर उदार होऊन खाली जायचं कशाला? वरची माती काढा, कोळसा काढा, संपलं. उघड्या खाणीत जवळजवळ सगळा कोळसा निघतो म्हणत्यात, आणि इथं खाली 19 टक्के, 43 टक्के. आमच्या म्हसवडकडची पोरं पाण्यापायी मुंबईला गेली, गिरण्यांत राबली. आता त्यांची पोरं जमिनीच्या पोटात पाठवायची का?

खानापूरकर

माणदेशी दादा, प्रश्न रास्त आहे आणि सरकारनंही तेच उत्तर काढलंय. 2024-25 मध्ये देशात कोळशाचं उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढं गेलं, त्यात भूमिगत खाणींचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासच. 1973 ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा चित्र उलटं होतं, बहुतेक कोळसा भूमिगत खाणींतून यायचा.

पण उघडी खाण म्हणजे वरचं गाव, शेत, नाला, जंगल सगळं उचलायचं. ताडोबाच्या आजूबाजूला काय चाललंय ते चंद्रपूरकरांना विचारा. आणि थर 300 मीटर खोल असला तर एक टन कोळशासाठी किती दगड हलवायचा? तो खर्च परवडत नाही. वरचा कोळसा संपत जाणार, मग खालीच जावं लागणार. तेव्हा खाली काम करायची कला माणसांच्या हातात शिल्लक असली पाहिजे. मला भूमिगत खाण महत्त्वाची वाटते ती यासाठी. छत ठोकून आवाज ओळखणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही.

गलाईघरची_सून

मी माहेरची विट्याची, लग्नानंतर आसनसोलला. सासऱ्यांचं गलाईचं दुकान आहे, सोनं-चांदी गाळायचं. पूर्वी सगळं कोकच्या भट्टीवर व्हायचं आणि तो कोक इथल्याच पट्ट्यातल्या कोळशाचा. राणीगंजला 1774 मध्ये देशातली पहिली कोळसा खाण निघाली. म्हणजे अडीचशे वर्षं या जमिनीखाली खोदकाम चाललंय.

खांब ठेवून निघून गेले की काय होतं ते आम्ही इथं रोज बघतो. जुन्या मालकांनी नकाशे नीट ठेवले नाहीत. खांब झिजतात, पाण्यानं भिजतात, कुठं कुणी चोरून कुरतडतं, आणि एक दिवस वरची जमीन खचते. घराला तिरपी भेग पडली की शेजारणी आधी विचारतात, खाली जुनी खाण आहे का. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पाण्याचा हौद होता, तो एका पावसाळ्यात एका बाजूनं हातभर खाली गेला.

यावर उपाय म्हणून इथं वाळू भरतात. दामोदर नदीची वाळू पाण्यात कालवून पाइपानं खाली सोडतात, पोकळी भरते, पाणी गाळून निघून जातं, वाळू घट्ट बसते. मग वर गाव असलं तरी खालचा कोळसा काढता येतो. पण आता नदीला वाळू उरली नाही आणि बांधकामालाही तीच हवी.

1989 च्या नोव्हेंबरमध्ये इथल्याच महावीर कोलियरीत पाणी घुसलं तेव्हाचं सासरे अजून सांगतात. वरून भोक पाडून, पोलादी कॅप्सूल सोडून एकेक करून 65 माणसं वर काढली. जसवंतसिंग गिल नावाचे इंजिनियर स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली गेले होते.

पलूसचा_फिटर

ताई, पाण्याचा विषय काढलात म्हणून लिहितो. मी किर्लोस्करवाडीजवळचा, पंपाच्या कामात वाढलेला. या भागातल्या पोरांना पंप हातानं उघडून जोडता येतो, त्यामुळं खाणीतलं पाणी हा विषय आपल्याला जवळचा.

खाणीत पाणी झिरपतच असतं. ते उतारानं गोळा करून सगळ्यांत खालच्या हौदात आणतात, तो संप. तिथून मोठे पंप टप्प्याटप्प्यानं वर फेकतात. पाण्यात कोळशाची बारीक पूड असते, ती इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) आणि सील खाऊन टाकते. काही खाणींत पाणी आम्लधर्मी, बिडाचं केसिंग चाळण होतं. वाळू भरतात तिथं तर भरलेलं पाणीही पुन्हा उपसावं लागतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. वीज गेली तर पंप किती तासांत चालू व्हायला हवा याचा हिशोब संप बांधतानाच करतात.

पण खरा धोका झिरपणाऱ्या पाण्याचा नाही, साठलेल्या पाण्याचा आहे. शेजारची जुनी बंद खाण पाण्यानं भरलेली असते आणि मधली कोळशाची भिंत फुटते. झारखंडमधली चासनाला खाण, 27 डिसेंबर 1975. पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. पंप असल्या पाण्यापुढं काही करू शकत नाही. तिथं नकाशाच वाचवतो.

वालचंद_सिव्हिल

मी सांगलीत सिव्हिलचं शिकतोय. एक शंका. खंबाटकीचा बोगदा, कोयनेचं भूमिगत वीजघर आणि कोळशाची खाण यांत मूळ फरक काय? तिन्हीकडं दगड फोडून पोकळीच करायची ना? आणि लाँगवॉलचा प्रश्न मागं पडला, त्यावर कुणीतरी लिहा.

कृष्णाकाठ

बाळा, बोगदा कायमचा टिकवायचा असतो, म्हणून दगडाला अस्तर करतात आणि शंभर वर्षांचा विचार करतात. कोयनेला दगड आपला काळा पाषाण, तो साथ देतो. कोळशाच्या खाणीत मुख्य वाटा काही वर्षं टिकल्या की झालं आणि पॅनलमधल्या वाटा काही महिने. त्यापुढं त्या पडाव्यात अशीच योजना असते. म्हणून आमच्याकडं टेकू लावणं ही जितकी विद्या, तितकीच टेकू काढणं ही सुद्धा.

आता लाँगवॉल. पॅनलच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब गल्ली काढतात आणि टोकाला त्या एका आडव्या गल्लीनं जोडतात. ती आडवी गल्ली म्हणजे फेस, शंभर-दोनशे मीटर लांब कोळशाची सलग भिंत. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिअरर नावाचं यंत्र दातेरी ड्रम फिरवत धावतं आणि कोळसा सोलत जातं. खाली साखळीचा कन्व्हेयर तो ओढून नेतो. माणसं उभी असतात ती हायड्रॉलिक आधारांच्या रांगेखाली. यंत्र पुढं गेलं की प्रत्येक आधार स्वतःचे पाय उचलतो, एक पाऊल पुढं सरकतो आणि पुन्हा छताला भिडतो. त्याच्या पाठीमागचं छत तिथंच पडतं. आत खांब ठेवायचा प्रश्नच नाही. पॅनलमधला बहुतेक सगळा कोळसा निघतो आणि माणूस कायम पोलादाखाली असतो.

तरी आपल्याकडं ती रुजली नाही. झारखंडमधल्या मुनीडीह खाणीत 1978 मध्ये स्वयंचलित आधारांची लाँगवॉल सुरू झाली, म्हणजे उशीर झाला असंही नाही. पण लाँगवॉलला छत लगेच पडणारं हवं आणि आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी वर कडक, जाड वालुकाश्म. तो लटकतो आणि मग सगळा एकदम आधारांवर बसतो. छत्तीसगडमधल्या चुरचा खाणीत 1990 मध्ये असंच झालं, आधार चिरडले गेले. पुढं बंगालमधल्या कोट्टाडीह खाणीतही तोच अनुभव आला. परदेशातल्या छताचा अंदाज घेऊन बनवलेली यंत्रं आपल्या छताखाली आणली, हे माझं स्पष्ट मत आहे. छताचा अभ्यास आधी आणि खरेदी नंतर असं व्हायला हवं होतं. त्यात आपल्या थरांत भ्रंश, म्हणजे थर तुटून वर-खाली सरकलेल्या जागा, फार. भिंत मधेच तुटते आणि शेकडो टनांचं यंत्र अडकून पडतं. सुटे भाग परदेशातून यायला महिने.

तेलंगणातल्या सिंगरेणी या सरकारी कोळसा कंपनीनं मात्र चिकाटी धरली. तिच्या अड्रियाला खाणीत 250 मीटर लांबीचा फेस चालवून दाखवला. छताचा नीट अभ्यास केला की जमतं, हे तिथं दिसलं.

आणखी एक अडचण कुणी बोलत नाही. आपले चांगले थर आधीच गल्ल्या काढून चाळणी केलेले आहेत. डिपिलरिंग न करता खांब तसेच उभे ठेवलेत, कारण वर गाव, रेल्वे किंवा नदी. तिथं लाँगवॉल कशी घालणार? म्हणून आता कंटिन्युअस मायनर हे यंत्र आलं, पहिल्यांदा 2002 मध्ये छत्तीसगडच्या अंजन हिलला. ते सुरुंग न लावता कोळसा खरवडतं आणि जुने खांबही काढू शकतं. चालवणारा रिमोट घेऊन बोल्ट मारलेल्या छताखाली उभा असतो, यंत्र तेवढं पुढं जातं.

तासगावची_आई

सगळं वाचलं. माझ्या मुलाला हाच कोर्स करायचाय, म्हणून विचारते. छत समजलं, पाणी समजलं. वायूचं काय? बातम्यांत नेहमी स्फोट म्हणतात. आणि तो रुजू झाला तर मी त्याला काय काय विचारत राहू, म्हणजे तो नीट आहे हे मला कळेल?

कृष्णाकाठ

ताई, कोळशातून मिथेन निघतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीनं उडतो. म्हणून 1.25 टक्क्याला वीज तोडायची, असा नियम आहे. वर मोठा पंखा अखंड फिरत असतो आणि प्रत्येक कामाच्या जागी ताजी हवा पोचावी म्हणून गल्ल्यांत भिंती आणि पडदे घातलेले असतात. दर माणशी मिनिटाला किमान 6 घनमीटर हवा मिळायलाच हवी. मिथेनच्या स्फोटानं कोळशाची धूळ उडते आणि ती पेटली की आग गल्लोगल्ली धावते. म्हणून सगळीकडं चुनखडीची पूड मारतात. खाणी पांढऱ्या दिसतात त्या त्यामुळं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आगीनंतर माणसं जातात ती बहुतेक वेळा त्यानंच. त्यासाठी कमरेला सेल्फ रेस्क्युअर असतो, विषारी हवेत श्वास घेता यावा म्हणून तोंडाला लावायची छोटी पेटी. मुलाला पहिल्या दिवसापासून सांगा, ती पेटी कमरेवरून काढून कोपऱ्यात ठेवायची नाही. डोळे मिटून ती तोंडाला लावता येते का, हे सुट्टीला आल्यावर त्याला विचारा. खाली अंधारात आणि धुरात तसंच लावावं लागतं.

आणि आमच्या धंद्यातलं विचारा : तुझ्या पॅनलच्या शेजारी जुनी खाण आहे का, आणि तिचा नकाशा तू स्वतः पाहिलास का? पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत विशेष परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी पुढं आणि बाजूंना भोकं पाडून, चाचपत चाचपत जायचं. तो नकाशा सर्व्हे ऑफिसात असतो. नवा पोरगा मागायला लाजतो. त्याला म्हणावं, लाजू नको, मॅनेजरची सही झालेला ताजा नकाशा बघितल्याशिवाय पॅनलमध्ये पाऊल टाकू नको.

खानापूरकर

काका, हे शेवटचं मी आजच भाच्याला कळवलं. त्यांच्या पॅनलच्या पूर्वेला जुनं बंद काम आहे, असं तो म्हणाला. उद्या पाळी सुटल्यावर सर्व्हे ऑफिसात जाऊन नकाशा बघणार आहे. मधली भिंत किती जाड आहे ते कळलं की इथं लिहितो, तुम्ही वाचून सांगा.